डब्यात काय होतं ते आधी सांगा

(वाचकांच्या शंका आणि एका निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिकेची उत्तरं)

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आमचा धाकटा डेन्व्हरला असतो, कोलोरॅडो राज्यात. अकरा वर्षं झाली. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने त्याला शिकारीचं वेड लागलंय. तिकडे एल्क नावाचं मोठं हरीण असतं. त्याच्या शिकारीचे परवाने सरकार दरवर्षी मोजकेच काढतं, त्यांना टॅग म्हणतात. अर्ज जास्त आले की सोडत. हा सलग सहा वर्षं अर्ज करतोय, सहाही वेळा नकार. आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाने पहिल्यांदाच अर्ज केला, तर लगेच टॅग हातात! आमचा म्हणतो, ‘बाबा, आत काहीतरी सेटिंग आहे.’ मी स्वतः म्हाडाच्या सोडतीत तीनदा हरलोय, त्यामुळे मलाही ते पटतं. आता घरातली गोष्ट. आमच्या हिच्या गळ्यात माळ आहे, तिला हे शिकारीचं मुळीच पसंत नाही. दर एप्रिलात, तो अर्ज भरतो त्या आठवड्यात, ही चतुःशृंगीला जाऊन सांगून येते की याची चिठ्ठी निघू देऊ नकोस. दोघांच्या अर्जांच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत. सहा वेळा न लागणं हा योगायोग असू शकतो, की यात काळंबेरं आहे?
– अ. द. कु., कोथरूड

उत्तर : प्रती जोडल्यात हे फार बरं केलंत. नुसतं पत्र आलं असतं तर मी नेहमीचं गणित मांडून मोकळी झाले असते. दहात एक संधी धरली तर सलग सहा वर्षं न लागण्याची शक्यता ५३ टक्के; दहा वर्षांनीसुद्धा शंभरातले ३५ जण कोरेच राहतात; तेव्हा रडू नका. गणित बरोबर आहे, पण तुमच्या चिरंजीवांना ते लागूच पडत नाही. पहिली पाच वर्षं ते सोडतीत नव्हतेच. रांगेत उभे होते.

अर्जावर ‘हंट कोड’ नावाचा एक रकाना आहे, तो बघा. अक्षरं आणि आकडे एकमेकांना चिकटवल्यासारखे दिसतात, पण प्रत्येकाला अर्थ आहे. पहिलं अक्षर प्राण्याचं, दुसरं नर की मादी की दोन्ही चालेल याचं, मग विभागाचा नंबर, मग हंगाम, आणि शेवटी हत्यार. ‘आर’ म्हणजे रायफल. तुमच्या मुलाच्या सहाही अर्जांत पहिली पसंती विभाग २०१. मित्राच्या अर्जात विभाग वेगळा, आणि दुसरं अक्षर ‘एफ’, म्हणजे मादी. दोघांनी एकाच खिडकीवर अर्ज दिला खरा, पण एकाने मागितलं डेक्कनवर घर आणि दुसऱ्याने शहराबाहेर प्लॉट.

कोलोरॅडोत एल्कचे अमेरिकेतले सर्वांत मोठे कळप आहेत. (काश्मीरचा हंगुल हा याच्या जवळच्या नात्यातला. पण हे अंगाने थोर, नर तीनशे किलोच्या पुढे जातो.) राज्याचे विभाग पाडलेले आहेत. कुठे किती जनावरं आहेत, किती माद्यांमागे किती नर आहेत ते बघून प्रत्येक विभागाचे टॅग ठरतात. काही विभागांत टॅग मुबलक असतात. पण वायव्य कोपऱ्यातले २, १० आणि २०१ हे विभाग मुद्दाम राखून ठेवल्यासारखे आहेत. तिथे टॅग थोडे सोडतात, म्हणून नर म्हातारे होईपर्यंत जगतात, शिंगं मोठी होतात, आणि म्हणून सगळ्यांना तिथेच जायचं असतं.

आता नियम. कोलोरॅडोत एल्कसाठी ‘प्रेफरन्स पॉइंट’ची पद्धत आहे. पहिल्या पसंतीचा टॅग लागला नाही की तुमच्या खात्यात एक पॉइंट जमा होतो. पुढच्या वर्षी ज्याचे पॉइंट सर्वांत जास्त त्याला आधी टॅग, मग त्याच्या खालच्याला, असं करत टॅग संपेपर्यंत. समान पॉइंटवाल्यांत टॅग पुरले नाहीत तरच तेवढ्यांत चिठ्ठ्या. २०१ मध्ये रायफलच्या टॅगसाठी माणसं वीस-वीस पॉइंट घेऊन उभी असतात. शून्य, एक, दोन, तीन, चार पॉइंटवाल्याची त्या रांगेतली संधी किती? कमी नव्हे, शून्य. इथे सेटिंगची गरजच नाही. नियमच इतका उघडा आहे की त्यात लपवण्यासारखं काही उरत नाही.

मात्र एक फट आहे. ज्या हंट कोडच्या टॅगला दहा किंवा जास्त पॉइंट लागतात, त्याचे वीस टक्क्यांपर्यंत टॅग बाजूला काढून ते खरोखरच्या सोडतीने देतात. त्या सोडतीत यायला किमान पाच पॉइंट हवेत. तुमच्या मुलाकडे पाच पॉइंट कधी झाले? पाच नकार पचवल्यावर. म्हणजे सहाव्या अर्जाला तो आयुष्यात पहिल्यांदा त्या डब्यात पडला. सहा वेळा हरला हा हिशेबच चुकीचा आहे. एकदाच हरलाय, आणि एकदा हरणं यात काय विशेष?

रांग न्याय्य असते असं आपल्याला उपजतच वाटतं, रेशनच्या दुकानापासून. मलाही वाटायचं. पण ही रांग कशी चालते ते कागदावर मांडून बघा. समजा एका विभागात दरवर्षी ३० टॅग आहेत आणि दरवर्षी १०० नवे लोक येतात. पहिल्या वर्षी आलेले सगळे चौथ्या वर्षापर्यंत सुटले. दहाव्या वर्षी जे आले त्यांच्यापुढे ९०० माणसं उभी राहून गेलेली असणार. त्यांचा नंबर एकतिसाव्या ते चौतिसाव्या वर्षात लागेल, म्हणजे एकवीस ते चोवीस वर्षं थांबून. रांग पुढे सरकते त्याहून वेगाने मागे लांबते. शिकारी लोक याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. गेल्या वर्षी अठरा पॉइंटला टॅग सुटला म्हणून तुम्ही अठरा जमवता, तोवर आकडा एकवीसवर गेलेला असतो.

आपली भिशी का चालते? बारा बायका, बारा महिने, मध्येच कुणी नवी शिरत नाही, एकदा उचलली की तिचं नाव डब्यातून बाद. कितीही कमनशिबी असली तरी बाराव्या महिन्यात तिचीच चिठ्ठी. आता त्याच भिशीत दर महिन्याला वीस नव्या बायका घ्या आणि प्रत्येकीला सांगा की ‘तुमचा नंबर नक्की येणार’. चौथ्या महिन्यात भांडण होईल, आणि ते व्हायलाच हवं.

शेजारच्या राज्यांनी वेगवेगळे तोडगे काढलेत. नेवाडात रांग नाही, चिठ्ठ्याच, पण जुन्या माणसाच्या चिठ्ठ्या जास्त. पॉइंटचा वर्ग करायचा आणि त्यात एक मिळवायचा. सहा पॉइंट असतील तर ३७ चिठ्ठ्या, वीस असतील तर ४०१, आणि काल आलेल्या पोराची एक. कॉम्प्युटर प्रत्येक चिठ्ठीला एक यादृच्छिक आकडा देतो, तुमच्या सगळ्या आकड्यांतला सर्वांत लहान तो तुमचा, आणि मग लहानाकडून मोठ्याकडे वाटप. जुन्याला मान मिळतो, नव्याला निदान दार किलकिलं राहतं. आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत पॉइंटच नाहीत. दरवर्षी पाटी कोरी. आयडाहोची युक्ती मला विशेष आवडते. तिथे मूस, रानमेंढी किंवा डोंगरी बकरा यांच्यासाठी अर्ज केलात की त्या वर्षी एल्कच्या सोडतीवर सर्वसाधारणपणे पाणी सोडावं लागतं. सगळ्या डब्यांत हात घालता येत नाही, त्यामुळे ज्याला खरंच हवं तोच अर्ज करतो. पॉइंट न देता गर्दी कमी. मला निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन. पण सोळा वर्षं पॉइंट जमवून बसलेल्या कोलोरॅडोच्या एखाद्या गृहस्थासमोर हे बोलायची माझी हिंमत नाही.

आता ‘सेटिंग’ या शब्दाबद्दल, कारण तो मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या पत्रात भेटतो. सोडत दोन ठिकाणी अन्यायाची होऊ शकते. एक, काढताना. दोन, डबा भरताना. लोक पहिल्यावर संशय घेतात. माझ्या अनुभवात दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्यात असतं, आणि काढतानाचं दुखणं असलंच तर त्यात लबाडीपेक्षा आळस जास्त असतो.

हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत आच्छादलेल्या पार्किंगची सोडत होती. जागा बावीस, अर्ज चाळीस, तीन विंग. ‘बाई कॉलेजात हेच शिकवायच्या’ म्हणून मला निरीक्षक केलं. सेक्रेटरींनी जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, चार घड्या घातल्या आणि श्रीखंडाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या: आधी ‘अ’ विंग, मग ‘ब’, मग ‘क’. डबा दोनदा हलवला. वॉचमनच्या सहा वर्षांच्या मुलीने डोळे घट्ट मिटून चिठ्ठ्या काढल्या. पहिल्या नऊ चिठ्ठ्यांपैकी सात ‘क’ विंगच्या. सेक्रेटरी ‘क’ विंगचे! मग काय झालं असेल ते तुम्ही ओळखालच. कुणीतरी चहाचा कप आपटला. मी मात्र त्या डब्यात डोकावून बघितलं. गुळगुळीत कागदाच्या घट्ट घड्या तळाशी चिकटून बसल्यासारख्या एकावर एक होत्या आणि पोरगी बिचारी वरच्यावर हात घालत होती. लबाडी कुणीच केली नव्हती. ढवळणं राहिलं होतं, आणि ते बघणं माझं काम होतं. माझी चिठ्ठी ‘अ’ विंगची, तळाशी. ती निघालीच नाही.

जगातलं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवत होते, तरीही हे झालं! १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना बोलावण्याचा क्रम सोडतीने ठरला. वर्षाच्या ३६६ तारखांच्या ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी यादी तपासली तर वर्षाअखेरीस जन्मलेल्यांचे नंबर ठळकपणे आधी लागले होते. कारण कुप्या महिन्यावार भरल्या होत्या, जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी, आणि नीट मिसळल्या नव्हत्या. आमचा श्रीखंडाचा डबाच तो, फक्त तिथे पार्किंग नव्हतं, पोरांचे जीव होते. पुढच्या वर्षी, १९७० च्या जुलैमध्ये, त्यांनी दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात क्रमांक, आणि दोन्हींतून एकेक काढलं.

टॅगची सोडत कॉम्प्युटरवर होते. कॉम्प्युटर ढवळायला विसरत नाही. म्हणून तिथे विचारायचं ते दुसरंच: डबा बंद होण्याआधी त्यातून काय काढून ठेवलं? न्यू मेक्सिकोत ८४ टक्के टॅग राज्यातल्या रहिवाशांना, १० टक्के नोंदणीकृत वाटाड्या घेऊन येणाऱ्यांना आणि ६ टक्के बाहेरून एकटे येणाऱ्यांना. त्या सहा टक्क्यांतला माणूस वर्षानुवर्षं हरतो आणि शिव्या कॉम्प्युटरला घालतो. बाहेरच्यांकडून जास्त पैसे घ्यावेत का, यावर मोंटाना राज्याविरुद्ध खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७८ साली न्यायालयाने सांगितलं की एल्कची शिकार हा छंद आहे, पोटापाण्याचा मूलभूत हक्क नव्हे. राज्य जास्त फी घेऊ शकतं. शिवाय रानमेंढ्यांसारख्या दुर्मिळ प्राण्यांचे एकदोन टॅग कित्येक राज्यं सोडतीत टाकतच नाहीत, लिलावात काढतात. एकेक टॅग लाखो डॉलरला जातो आणि पैसा त्याच प्राण्यांच्या संवर्धनावर खर्च होतो. हा पैसा मेंढ्यांच्या कामी येतो हे खरं, पण ज्याला गरिबी ठाऊक आहे त्याला यातलं खटकणारं सांगायला नको.

शिकार योग्य की अयोग्य हा प्रश्न तुम्ही मला विचारलेला नाही आणि ते माझं खातंही नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचं दार हळूहळू पूर्ण बंद झालं, त्यामुळे आपल्याला तो परवान्याचा व्यवहारच विचित्र वाटतो. एवढं मात्र वहिनींच्या कानावर घाला की कोलोरॅडोत मारलेल्या एल्कचं खाण्याजोगं मांस टाकून देता येत नाही, तसा कायदा आहे; नुसती शिंगं घेऊन घरी यायला परवानगी नाही.

आणि त्यांना हेही सांगा की पहिली पाच वर्षं त्यांनी चतुःशृंगीच्या पायऱ्या उगाच चढल्या. त्या वर्षांत देवीने मनात आणलं असतं तरी चिठ्ठी निघाली नसती, कारण चिठ्ठी डब्यात नव्हती. गेल्या वर्षापासून मात्र ती आहे. तेव्हा येत्या एप्रिलात जायला हरकत नाही. फक्त मुलाने विभाग बदलून मादीचा टॅग मागितला, तर आधी मला कळवा. मग नवस जरा मोठा बोलावा लागेल.

प्रश्न : माझ्या नातीसाठी आरटीईच्या २५ टक्क्यांतून अर्ज केला होता. सोडतीत नाव आलं नाही. पलीकडच्या सोसायटीतल्या मुलीचं त्याच शाळेत आलं. घर तर दोघींचंही जवळच आहे. पुन्हा तक्रार करावी का?
– शा. मो., हडपसर

उत्तर : तक्रारीआधी अर्ज काढून नकाशावर घराची खूण कुठे केली आहे ते बघा. यातही सोडत चाळणीनंतर होते: शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली मुलं आधी, जागा उरल्या तर एक ते तीन किलोमीटरची. ‘जवळच’ हा शब्द त्या चाळणीला कळत नाही. खूण चौकात किंवा सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर पडली असेल आणि त्यामुळे नात एक किलोमीटरच्या बाहेर गेली असेल, तर पलीकडची मुलगी आणि ती एका डब्यात नव्हत्याच. खूण बरोबर असेल तर मग ती खरोखरच हरली. तसं असेल तर प्रतीक्षा यादीवर नजर ठेवा, आणि प्रवेशाचा मेसेज ज्या मोबाईलवर येणार तो नंबर कुणाचा दिलाय ते सुनेला विचारा. गेल्या वर्षी एका आजोबांनी बंद पडलेला नंबर दिला होता.

प्रश्न : रविवारी आमच्या सोसायटीत पार्किंगची सोडत आहे. चिठ्ठ्या घ्याव्यात की मोबाईलवरचं ॲप? काही सभासद म्हणतात ॲपवर विश्वास नाही.
– एक सभासद, वडगाव

उत्तर : चिठ्ठ्याच घ्या. चाळीस माणसांसमोर उघड्या टेबलावर जे होतं त्यावर भांडणं कमी होतात. ॲप कितीही चांगलं असलं तरी ते कुणाच्या तरी खिशात असतं. पण कागद नको. टेबल टेनिसचे चेंडू आणा, मार्करने नंबर घाला. दोन बादल्या ठेवा, एकीत फ्लॅटचे नंबर, दुसरीत जागांचे, आणि दोन्हींतून एकेक चेंडू. जागांपेक्षा अर्ज जास्त असतील तर उरलेले चेंडू कोरे टाका. दोन्ही बादल्या झाकण लावून उलट्यासुलट्या करा, आणि ते काम ज्याला सर्वांत जास्त संशय आहे त्याच्याकडे द्या.

ज्येष्ठ, अपंग, दोन गाड्यावाले यांचं काय करायचं ते शनिवारी रात्रीपर्यंत लिहून नोटीस बोर्डावर लावा. एकदा पहिला चेंडू निघाला की कुणालाही नवा नियम सुचता कामा नये. सुचतोच, पण ऐकायचा नाही.

आमच्याकडे फेरसोडत अशीच झाली, चेंडूंनी, आणि ‘क’ विंगला या वेळी अगदी वाजवी जागा मिळाल्या. माझा चेंडू कोरा निघाला. स्कूटर अजून गुलमोहराखालीच असते. पाऊस लागला की सीटवर पिशवी बांधते.